मेला तरी कामाचा

संगमनेर, राहाता, अकोले पट्ट्यात कुठल्याही गोठ्यात शिरा, संकरित गाईच्या कानातला पिवळा बिल्ला आधी डोळ्यांत भरतो. त्यावरच्या बारा आकड्यांखाली तिच्या लशींची नोंद होते. त्यात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी. ही लस म्हणजे चक्क मेलेला विषाणू. एमआरएनएच्या जमान्यात जुनाट वाटेल, पण तिच्यातली कारागिरी थक्क करणारी आहे.

हा विषाणू इतका बारका, की मिलिमीटरभर रेघेवर तीस हजारांहून जास्त मावतील. बाहेर प्रथिनांचं कवच, आत आरएनए. कारखान्यात तो हॅमस्टरच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर वाढवतात आणि मग मारतात. खरं कसब मारण्यातच. गाईचं शरीर ओळखतं ते कवच. ते मोडलं की लस फुकट. पूर्वी फॉर्मालिन वापरत. त्यातून काही विषाणू जिवंत सुटत. युरोपातल्या काही साथींचा माग थेट लशीपर्यंत गेला होता. आता बायनरी इथिलीनइमाइन वापरतात. ते आतल्या आरएनएची वाट लावतं, कवच मात्र शाबूत राहतं. पोळ्याचा मातीचा बैलच म्हणा: शिंगं, वशिंड जागच्या जागी, फक्त औत ओढणार नाही.

याहून नवल पुढे आहे. जिवंत विषाणू गाईच्या अंगात वाढताना काही जादा प्रथिनं बनवतो. मेलेला वाढतच नाही, आणि ही प्रथिनं लशीतून गाळून काढलेली असतात. त्यामुळे नुसतं रक्त तपासून कळतं, गाईला लस टोचलीय की रोगच होऊन गेलाय!

मग सगळ्याच लशी अशा का नाहीत? लम्पीसाठी २०२२ मध्ये राज्यात टोचली ती शेळ्यांच्या देवीची जिवंत, सौम्य केलेली लस. ब्रुसेलाचीही जिवंतच, चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच. मेलेल्या विषाणूचा असर तेलात घोटून दिला तरी लवकर ओसरतो. खुरकुताची जिवंत लसही करून पाहिली होती, पण एका जनावराला सौम्य ठरलेला विषाणू दुसऱ्याला बाधायचा. तेव्हा ‘जुनी तीच भली’ हा सरसकट हिशेब मला पटत नाही. रोग पाहूनच लस ठरते.

टोचल्यावर थोडे दिवस दूध घटतं म्हणून काही जण टाळाटाळ करतात. खुरकुताच्या नुकसानीपुढे ते किरकोळ आहे. काळजी करायचीच तर उन्हाची करा, कारण उष्णतेने तेच कवच विस्कटतं. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी, गोठलेलीही चालत नाही. डॉक्टर दारात आले की आधी त्यांच्या बर्फाच्या डब्यात डोकावून बघा.