राखीव जागा आणि राज्यसभेचे दार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ साली राज्यसभेचे सभासद झाले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हाही ते सभासदच होते. लोकसभेला पडले म्हणून राज्यसभेवर गेले, एवढाच या घटनेचा अर्थ आपण सहसा लावतो. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. ज्या सभागृहात अनुसूचित जातींसाठी राखीव जागा होत्या, तेथे बाबासाहेबांना प्रवेश मिळाला नाही. ज्या सभागृहात अशी एकही राखीव जागा नव्हती आणि आजही नाही, तेथे मात्र मिळाला. हे कसे घडले?

उत्तर शोधायचे तर गिरणगावापासून सुरुवात केली पाहिजे. प्रभादेवी, परळ, नायगाव, वरळी या कामगारवस्तीत बाबासाहेबांचे राजकारण वाढले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते भायखळा-परळ मतदारसंघातून राखीव जागेवर उभे राहिले आणि काँग्रेसचे उमेदवार, नामवंत क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांचा त्यांनी पराभव केला. पुणे करारामुळे ही निवडणूक संयुक्त मतदारसंघात झाली होती. राखीव जागेच्या उमेदवारालाही सर्व जातींचे लोक मत देत होते. तरी बाबासाहेब विजयी झाले. याचे एक कारण मतदानाच्या पद्धतीत होते. मुंबई प्रांतात त्या वेळी मते एकवटण्याची मुभा होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते मतदाराला मिळत, आणि ती सारी एकाच उमेदवाराला देता येत. अल्पसंख्य समाज संघटित असेल तर आपली ताकद एका माणसामागे उभी करू शकत होता.

१९५२ साली ही मुभा राहिली नव्हती. मुंबई शहर उत्तर हा लोकसभेचा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. दिली तर त्यांतले एक बाद ठरे. म्हणजे आपल्या मतदाराने दुसरे मत अन्य कोणाला तरी दिले पाहिजे, नाही तर वाया घालवले पाहिजे. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उभे होते. दोघेही पडले. राखीव जागा काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांनी सुमारे चौदा हजार मतांच्या फरकाने जिंकली. बाबासाहेबांना सव्वा लाखाच्या जवळपास मते पडली होती, म्हणजे त्यांच्यामागे लोक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. बाद झालेल्या हजारो मतांचा प्रश्न घेऊन आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला. दोन जागांचे हे मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने रद्द झाले.

आता राज्यसभेकडे वळू. संविधानाच्या ८० व्या कलमाप्रमाणे या सभागृहाची कमाल सभासदसंख्या २५० आहे. त्यांपैकी १२ जणांची नेमणूक राष्ट्रपती करतात. राज्यांचे प्रतिनिधी त्या त्या विधानसभेतील निवडून आलेले आमदार निवडतात, आणि ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाने, एकल संक्रमणीय मताने. नाव अवघड आहे, पण हिशेब सोपा आहे. प्रत्येक आमदाराला एकच मत असते आणि तो उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहितो. निवडून यायला किती मते लागतात हे जागांच्या संख्येवरून ठरते. जास्तीची मते पुढच्या पसंतीकडे वळतात, म्हणून वाया जात नाहीत.

मुंबई राज्याला राज्यसभेच्या १७ जागा होत्या आणि विधानसभेत ३१५ आमदार होते. ३१५ ला १८ ने भागले म्हणजे साडेसतरा येतात. अर्थात ज्याच्यामागे अठरा आमदार, त्याला कोणी अडवू शकत नाही. काँग्रेसचे २६९ आमदार होते. प्रत्येक जागेसाठी साध्या बहुमताने मतदान असते, तर या २६९ जणांनी सतराच्या सतरा जागा घेतल्या असत्या. प्रमाणशीर पद्धतीत मात्र उरलेल्या ४६ आमदारांना दोन जागांपुरते बळ होते. फेडरेशनचा अवघा एक आमदार निवडून आला होता. म्हणजे बाबासाहेबांना लागणारा पाठिंबा फेडरेशनबाहेरच्या आमदारांकडूनच यायचा होता, आणि तो आला. ३ एप्रिल १९५२ पासून ते सभासद झाले. त्या वेळी या सभागृहाला राज्यपरिषद म्हणत. राज्यसभा हे नाव ऑगस्ट १९५४ मध्ये आले.

हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण १९४६ सालीही असेच घडले होते. संविधान सभेची निवडणूक प्रांतिक विधानसभांतून याच एकल संक्रमणीय मताने झाली. मुंबईच्या विधानसभेत फेडरेशनचे कोणी नव्हते. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. उलट १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा लोकसभेच्या राखीव जागेसाठी उभे राहिले, आणि संयुक्त मतदारसंघात पुन्हा काँग्रेसच्या उमेदवाराकडून पडले. घटनेच्या शिल्पकाराला राखीव जागेने दोनदा बाहेर ठेवले आणि प्रमाणशीर मताने दोनदा आत घेतले.

आत जाऊन त्यांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. अर्थसंकल्प, आंध्र राज्याची निर्मिती, परराष्ट्र धोरण, चौथी घटनादुरुस्ती या विषयांवर ते विरोधी बाकावरून बोलले. सप्टेंबर १९५४ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) विधेयकावर बोलताना त्यांनी त्याच्या नावावरच हरकत घेतली. अस्पृश्यांच्या नागरी हक्कांचे संरक्षण हा कायद्याचा हेतू आहे, मग तो नावातच दिसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. गावाकडचा सामाजिक बहिष्कार हे खरे हत्यार आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. कायदा १९५५ साली जुन्याच नावाने झाला. १९७६ च्या दुरुस्तीत त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले. सभागृहात त्यांच्या पक्षाचे संख्याबळ नगण्य होते. पण आपल्याच बळावर उभा असलेला माणूस तेथे असला म्हणजे कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत मांडला जातो, हे यावरून कळते.

याचा अर्थ राज्यसभा हेच आपले मुक्तिद्वार, असा कोणी काढू नये. प्रभादेवीच्या गिरणी कामगाराला त्या निवडणुकीत मत नव्हते. मत होते ते आमदारांना. इतर पक्षांनी साथ दिली नसती तर एका आमदाराच्या बळावर काहीच झाले नसते. आणि राखीव जागा निरर्थक आहेत असाही अर्थ नाही. त्या नसत्या तर कित्येक विधिमंडळांत आपला एकही माणूस दिसला नसता.

प्रश्न एवढाच आहे की राखीव जागेवर बसणारा माणूस कोणाच्या मतांवर बसतो. जागा आपल्या नावाची आणि मते दुसऱ्याची असतील, तर निवडून येणाऱ्याला आपल्यापेक्षा दुसऱ्याचा विचार अधिक करावा लागतो. पुणे करारापासून हाच पेच आपल्यापुढे आहे. दर सहा डिसेंबरला प्रभादेवीवरून चैत्यभूमीकडे लाखो माणसे जातात. त्यांच्यातला प्रत्येक जण राखीव जागा किती हे सांगू शकेल. मते कशी मोजली जातात, हा प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारला गेला पाहिजे, कारण १९३७ आणि १९५२ यांच्यामध्ये गिरणगावातली माणसे बदलली नव्हती. बदलली होती ती मत देण्याची रीत.