दोन बोल्टांची सीट

मोटरसायकलची सीट काढताना जीव का जातो, याचं उत्तर पेट्रोलच्या टाकीत आहे. बजाज चेतकची टाकी सीटखाली होती. पेट्रोल भरायचं तर सीट उचलावीच लागायची, म्हणून ती उचलता येईल अशीच घडवलेली. होंडाची १९५८ सालची सुपर कब बघा. तिचीही टाकी सीटखालीच. सीट पुढं बिजागरीवर आणि मागं नुसता रबराचा सक्शन कप, न्हाणीघरातल्या फरशीला टॉवेलची खुंटी चिकटवतात तसा. हातानं ओढली की उघडली. मोटरसायकलची टाकी मात्र पुढं, गुडघ्यांच्या मधे. पंपावर सीटला कुणी हात लावत नाही. मग बनवणाऱ्यानंही ती एकदा आवळली आणि विषय मिटवला.

पण सीटखाली काय काय असतं? बॅटरी, फ्यूज, पान्यांची पिशवी, कुठं कुठं एअर फिल्टरची वाट. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आलं. इंजेक्शनला पंप चालवायला वीज लागते. पुष्कळ गाड्यांची किकही गेली. पूर्वी बॅटरी मेली तरी किक मारून घर गाठता यायचं. आता बॅटरीपर्यंत पोचल्याशिवाय गाडी हलत नाही. मेकॅनिक ज्या सॉकेटला आपलं यंत्र जोडून दोष वाचतो, ते सॉकेटही बऱ्याच गाड्यांत सीटखालीच दडवलेलं असतं. म्हणजे सीट उघडायची गरज वाढली, उघडायची सोय होती तिथंच राहिली.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला फिटर. जिग-फिक्स्चर बनवण्यात उमर गेली. फिक्स्चर म्हणजे जॉब ड्रिलखाली धरून ठेवणारा साचा. त्यातला पहिला नियम असा की जागा दाखवणारा वेगळा आणि दाबून धरणारा वेगळा. पिना जॉबला जागेवर आणतात, क्लॅम्प फक्त आवळतो. एकाच बोल्टाकडून दोन्ही कामं करून घेतली की कामगार दिवसभर भोकात डोळा घालून बसतो. मोटरसायकलच्या सीटमध्ये नेमकं हेच झालेलं असतं.

माझा भाचा पहाटे गावातून दूध घेऊन शहरात येतो. त्याच्या शंभर सीसीच्या गाडीची सीट अगदी नेहमीच्या पद्धतीची. पुढं पत्र्याची जीभ, ती टाकीमागच्या खाचेत घुसते. मागं डाव्या-उजव्या अंगाला एकेक बोल्ट, चेसिसच्या पत्र्यातून आरपार, पलीकडं सुटा नट. म्हणजे दोन पाने हवेत, एक अलीकडून फिरवायला, एक पलीकडून धरायला. त्यात केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागच्या माणसाला धरायला कडी हवी, पायाला फूटरेस्ट हवा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारी आड हवी. नियम योग्यच आहे, त्यानं किती साड्या आणि किती जीव वाचले असतील. पण ती साडीगार्ड, तिच्यावर दुधाच्या कॅनचे आकडे आणि या सगळ्याच्या मागं बोल्ट! दहा नंबरचा पाना आत गेला तर फिरत नाही आणि फिरला तर नट मडगार्डवर पडून चिखलात जातो.

“मामा, सीटला बिजागरीच मारूया की,” भाचा म्हणाला. बिजागरीला मी नाही म्हटलं. सीटवर दोन माणसांचं ओझं पडतं, खड्ड्यात ते उसळतं आणि हौसेची बिजागरी पत्र्यातून उपटून येते. मूळची जोडणी चांगली होती, फक्त तिच्यातली दोन कामं वेगळी करायची होती.

आधी सुटा नट बंद केला. चेसिसच्या पत्र्याला आतल्या बाजूनं साधा नट वेल्ड करायचा. त्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवायची आणि टाकी ठिणगीच्या टप्प्याबाहेर न्यायची. यात आळस करायचा नाही. नटात एक जुना बोल्ट फिरवून ठेवायचा, म्हणजे नट सरळ राहतो आणि ठिणग्या आट्यांत बसत नाहीत. नायलॉन कडीचा नट इथं चालत नाही, वेल्डिंगच्या उष्णतेनं नायलॉन वितळतं. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून स्प्रिंग वायसर पुरतो. हे झालं की दुसरा पाना लागत नाही.

मग बोल्टाचं टोक. बाजारातला बोल्ट सपाट टोकाचा असतो, तो भोकाच्या काठावर अडतो. तिरका लागला आणि जोर केला की आटे गेलेच. मी थोडा लांब बोल्ट घेतला आणि पुढचे दोन-तीन आटे कानसून टोक निमुळतं केलं. आता ते टोक आधी भोक शोधतं, सीटला ओढून जागेवर आणतं आणि आटे नंतर लागतात. जास्तीची लांबी मात्र वायरिंगला किंवा टायरला लागत नाही ना, हे सीटवर माणूस बसवून बघायचं. टायर वर येतो, हे उभ्या गाडीत दिसत नाही.

खरी गंमत भोकांत आहे. दोन्ही भोकं बोल्टाला घट्ट असतील तर एक बोल्ट लागतो आणि दुसरा काही केल्या लागत नाही. मग माणसं सीटवर बुक्क्या मारतात. फिक्स्चरमध्ये यावर जुना तोडगा आहे. एक पिन पूर्ण गोल ठेवतात, दुसरी दोन बाजूंनी घासून पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची करतात, म्हणजे ती एकाच दिशेला धरते आणि दुसऱ्या दिशेला सूट देते. इथं पिन घासण्याऐवजी भोक लांबवलं. सीटच्या डाव्या पट्टीतलं भोक गोलच ठेवलं, उजवीकडचं गोल कानशीनं गाडीच्या लांबीच्या दिशेनं दोनेक मिलिमीटर वाढवलं आणि वर रुंद वायसर दिला. दोन्ही भोकं लांबवायची नाहीत, नाहीतर सीट डुलायला लागते.

पट्टी आणि चेसिसच्या मधे नळीसारखी छोटी बुश असते. सीट काढताना ती हमखास घरंगळते आणि तिच्याशिवाय बोल्ट आवळला की पट्टी वाकते. ती रबरी गोंदानं पट्टीला चिकटवून टाकावी.

आता पुढची जीभ. सीट नीट बसत नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा नवं कव्हर घातल्यावर सुरू होते. कव्हरवाला रेक्झिन ताणतो, पुढच्या टोकाला दुमडतो आणि स्टेपल मारतो. दिसायला झकास, पण जिभेखाली रेक्झिनच्या दोन-तीन घड्या जमतात आणि खाचेत जागाच उरत नाही. जोडीला वाढीव फोम आणि सीटखालचे नवे, ताठ रबर. कव्हरवाल्याला आधीच सांगावं की जिभेच्या आजूबाजूचं कापड कापून मोकळं ठेव. जिभेच्या कडा कानशीनं गोल कराव्यात, थोडं ग्रीस लावावं. आणि सीट वरून दाबायची नाही. शेपूट चार बोटं वर ठेवायचं, जीभ खाचेत घालायची, तळहातानं पुढं रेटायचं आणि मग मागचा भाग खाली आणायचा. बसली की शेपटाला धरून वर उचलून बघायचं, आडवं हलवून बघायचं. जीभ खाचेच्या वर राहिली तरी बोल्ट लागतात आणि सीट वरून ठीक दिसते. फसगत तिथं होते.

हल्ली पेठेत हातानं फिरवायच्या गोल मुठीचे बोल्ट मिळतात. शर्यतीच्या गाड्यांवर पाव फेऱ्यात सुटणारे फासनर असतात. मुळात ते अमेरिकेत विल्यम झूस यांनी १९३० च्या दशकात विमानांच्या पत्र्यांसाठी काढले. शर्यतीच्या पिटमध्ये ते शोभतात. एसटी स्टँडबाहेर दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी ते लावणार नाही. जी सीट मला पाच सेकंदांत निघते ती दुसऱ्यालाही पाच सेकंदांतच निघणार.

चावीच्या सीटची गोष्ट वेगळी. तिथं लॉकपासून खटक्यापर्यंत केबल जाते. चावी फिरत नसली की माणसं चावीवरच जोर करतात आणि ती आत मोडते. खालचे रबर सीटला वर ढकलत असतात, त्यामुळं सीटखालचा आकडा खटक्यात आवळून बसलेला असतो. एका हातानं शेपूट खाली दाबायचं आणि दुसऱ्यानं चावी फिरवायची. आकड्यावरचा ताण गेला की चावी सहज फिरते. लॉकमध्ये तेल सोडू नये, धूळ धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड उत्तम. केबलला मात्र तेल हवंच. आणि केबल कधीतरी तुटणारच, म्हणून खटक्याच्या दांडीला एक बारीक तार आधीच बांधून ठेवावी. तिचं दुसरं टोक मी कुठं लपवलंय, ते मात्र इथं छापणार नाही.