चाल तीच, शब्द नवे

तोक्योजवळच्या ग्योतोकुहून तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथून गिंझा लाइनने आसाकुसा. तिथल्या सेन्सोजी देवळाच्या आवारात सोएदा आझेम्बो आणि त्यांचे चिरंजीव तोमोमिची या दोघांचं स्मारक आहे. बापलेकांनी रस्त्यावरच्या गाण्यालाच आयुष्य वाहिलं.

जपानात रेडिओ आला १९२५ मध्ये. तोवर गाणं गाजायचं ते नाक्यावर.

आझेम्बो (१८७२–१९४४) मूळचे ओइसोचे. योकोसुका बंदरात मजुरी करताना त्यांच्या कानी चळवळ्या तरुणांची गाणी पडली. नागरी हक्कांच्या सभांवर सरकारने बंधनं घातली, तेव्हा या मंडळींनी भाषणंच चालीवर बसवली होती. आझेम्बो त्यांना जाऊन मिळाले.

धंद्याची रीत साधी होती. संध्याकाळी गर्दीच्या ठिकाणी उभं राहायचं, गाणं म्हणायचं, पुन्हा म्हणायचं आणि ते लोकांच्या ओठी आलं की शब्दांच्या छापील पत्रिका विकायच्या. ऐकणं फुकट, मिळकत कागदाची. त्यामुळे चाल अशी हवी, की दमून घरी निघालेल्या मजुरालाही दुसऱ्या खेपेला सूर धरता यावा.

‘राप्पा-बुशी’ हे गाणं तसंच होतं. रशिया-जपान युद्धाच्या काळातलं हे गाणं. धृपदात बिगुलाचा नाद. ते गाजल्यावर समाजवादी नेते साकाई तोशिहिको यांच्या सांगण्यावरून आझेम्बोंनी त्याच चालीवर कष्टकऱ्यांच्या व्यथेचे शब्द रचले. लोकांना पाठ असलेल्या चालीवर नवा विचार चढवायची ही हातोटी आपल्या सत्यशोधक जलशांनाही चांगली अवगत होती. आझेम्बोंच्या काही गाण्यांच्या विक्रीवर बंदी आली. पण बंदी घालून पत्रिका थांबतात. तोंडी बसलेलं गाणं पोलीस जप्त करणार तरी कसं?

१९१८ मध्ये तांदळाचे भाव भडकले आणि देशभर दंगली उसळल्या. त्याच सुमारास आझेम्बोंचं ‘नोन्की-बुशी’ लोकांत पसरलं. गोरगरिबांची थट्टा करणाऱ्या व्यवस्थेवर त्यांनी त्यात हसत हसत कोरडे ओढले आहेत. त्यांचं खरं मोठेपण मला इथे दिसतं: घोषणा न देता ते ऐकणाऱ्याला राग आणतात.

तोमोमिचींनी अमेरिकी यादवी युद्धातल्या एका कूचगीताची चाल उचलून ‘तोक्यो-बुशी’ लिहिलं आणि १९६३ मध्ये या रस्त्यावरच्या गाण्यांचा इतिहासही ग्रंथरूपाने मांडला. त्याच दशकाच्या अखेरीस तरुण लोकगायक ताकादा वातारू यांनी आझेम्बोंचे शब्द घेतले आणि ते अमेरिकी लोकगीतांच्या चालींवर गिटारच्या साथीने म्हणायला सुरुवात केली.