ॲक्सेस डिनाइडचे दिवस

गेल्या महिन्यात आमच्या लॅपटॉपांवर परस्पर एक सॉफ्टवेअर बसलं. दुसऱ्याच आठवड्यात टीममधल्या एकीला विचारणा झाली: सव्वाअकरा ते पावणेबारा माऊस का हलला नाही? ती वहीत डिझाइनची आकृती काढत होती. वहीची नोंद कुठे होणार!

1995च्या 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट आणलं, त्यानंतरची काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. ऑफिसात एका मशीनला नेट आणि मागे रांग. खरी धमाल 2004पासून. ऑर्कुट आलं, जीमेल आलं, आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या पुण्यातल्या ऑफिसात वेबसेन्स आलं. साइट उघडायला जावं तर पानभर नकार, तोही कारणासकट: 'सोशल नेटवर्किंग'. काही साइटना दहा-दहा मिनिटांचा कोटा. बटण दाबून खर्चायचा. याहू मेसेंजर बंद झाला की मेबो, मायबोली अडली की गूगल ट्रान्सलेटच्या आडून. नेटवर्कवाला पोरगा आमच्यातलाच. "मेबो उद्यापासून बंद करतोय, आज काय ते बोलून घ्या," असं चहाला सांगून जायचा.

मॅनेजर मात्र महाबिलंदर. दर शुक्रवारी प्रॉक्सीच्या लॉगमधून 'जास्त नेट वापरणाऱ्यां'ची यादी नावांनिशी पँट्रीच्या दारावर लावायचा. एकदा पहिला नंबर आला तो जावाचे प्रश्न शोधणाऱ्या फ्रेशरचा. साहेबांचं मशीन फिल्टरमधून वगळलेलं. त्यावर दिवसभर शेअरचे भाव. हल्ली ते 'वर्क-लाइफ बॅलन्स'वर भाषणं देतात म्हणे. देवोत बापडे.

त्याच काळात, 2007 साली, रोमानियात बार्बुलेस्कू नावाच्या इंजिनिअरची नोकरी याहू मेसेंजरपायी गेली. भाऊ आणि होणाऱ्या बायकोशी झालेलं बोलणंसुद्धा कंपनीने छापून काढलं होतं. दहा वर्षांनी, सप्टेंबर 2017मध्ये, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला: पाळत किती आणि कशी, हे आधी सांगायला हवं होतं. त्याच्या बाराच दिवस आधी आपल्या सुप्रीम कोर्टाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला होता. आम्ही पेढे वाटायचे तेवढे राहिले. मग 2023चा डेटा संरक्षण कायदा आला. त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टळावं म्हणून संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. 'नुकसान' म्हटलं की त्यात काय बसत नाही?

आता अडवत कोणी नाही. यूट्यूबसुद्धा उघडतं. ब्राउझरमधलं कुलूप पाहून निर्धास्त राहावं, तर कंपनीने मशीनमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट आधीच टाकून ठेवलेलं. वाटेत सगळं उलगडून वाचायचं आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवायचं. वेबसेन्स उद्धट होतं, पण तोंडावर नाही म्हणायचं. त्या नेटवर्कवाल्याशी भांडता तरी यायचं. आता म्हणतात, तिकीट टाका. टाकलं. तीन दिवसांनी 'रिझॉल्व्ह्ड' असा मेल आला; काय सुटलं, ते त्यात नव्हतं.