जुनं कॅबिनेट बदलावं का?

गेल्या वेळी आपण 'कारण' कशाला म्हणावं, याचा विचार केला होता. त्यानंतर काही श्रोत्यांची तक्रार आली की घट, पट, कुंभार आणि माती यांच्या पलीकडचं एखादं उदाहरण घ्या. तक्रार रास्त आहे. म्हणून आज आपण टेबलाखालची एक पेटी उदाहरणाला घेऊ. डेस्कटॉप संगणकाचं कॅबिनेट. प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. पंधरा-वीस वर्षांचं जुनं कॅबिनेट बदलावं की ठेवावं?

आमच्या घरी हा प्रश्न यंदाच्या एप्रिलमध्ये उभा राहिला. आमचं कॅबिनेट २००७ सालचं. आतलं सगळं सामान मधल्या काळात दोनदा बदललं गेलं, पेटी मात्र तीच राहिली. या व्याख्यानमालेचंच ध्वनिमुद्रण साफ करण्याचं काम चालू असताना भर दुपारी संगणक अचानक बंद पडायला लागला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "सर, कॅबिनेट फार जुनं झालंय, बदलून टाका." घरातून दुसरं मत आलं, "ते काही बदलायचे नाहीत, त्यांचा जीव अडकलाय त्यात."

आता गंमत बघा. ही दोन मतं एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींचा आधार एकच आहे. जुनं आहे म्हणून टाका. जुनं आहे म्हणून ठेवा. एकाच हेतूवरून दोन विरुद्ध निष्कर्ष निघत असतील, तर तो हेतू कच्चा आहे असं समजावं. म्हणजे वय बाजूला ठेवून विचार करायला हवा.

पहिल्यांदा शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे बहुतेक लोक या अख्ख्या पेटीला 'सीपीयू' म्हणतात. सीपीयू म्हणजे खरं तर आतला प्रोसेसर, बिस्किटाएवढी चकती. पेटीला सीपीयू म्हटलं की पेटी जुनी म्हणजे संगणक जुना, असा समज आपोआप होतो. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो ते आठवा. महाराज, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? नाही. मग रथ कुठे आहे? नागसेनाचं उत्तर असं की या सगळ्यांच्या मेळाला आपण व्यवहारापुरतं 'रथ' हे नाव देतो. नैयायिकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा असतो. तो वाद आज नको. आपल्या कामापुरतं एवढंच पुरे की कॅबिनेट हा एक अवयव आहे आणि त्याची परीक्षा त्याच्या स्वतःच्या कामावरूनच व्हायला हवी.

मग कॅबिनेटचं काम काय? आपण चार कामं धरू. सामान धरून ठेवणं. आतल्या नाजूक भागांचं आपल्यापासून, आणि आपलं त्यांच्यापासून रक्षण करणं. पत्र्याची पेटी अर्थिंगशी जोडलेली असते ती त्यासाठीही. तिसरं, बटणं आणि यूएसबीची भोकं हाताशी देणं. आणि चौथं, सर्वांत महत्त्वाचं, हवा खेळती ठेवणं. संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. दोनशे वॅट वीज घेणारा संगणक हा हिशेबाने दोनशे वॅटचा हीटरच असतो. ती उष्णता पेटीबाहेर गेली नाही, तर आतली हवा तापते आणि पंखे तीच गरम हवा फिरवत बसतात.

पहिल्या कामात जुनं कॅबिनेट सहसा नापास होत नाही, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागची पट्टी अमुक आकाराची. ते माप आजही चालू आहे. त्यातूनच निघालेलं छोटं मायक्रो-एटीएक्सही एटीएक्स पेटीत बसतं. म्हणून आमच्या २००७ च्या पेटीत नंतरच्या काळातला मदरबोर्ड सहज बसला. अपवाद एक. काही कंपन्यांच्या तयार संगणकांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्या स्वतःच्याच मापाचे असतात. तिथे दुसरं सामान बसेलच असं नाही. तेव्हा आधी टेप घेऊन मोजा.

मोजायच्या आणखी दोन गोष्टी आहेत. आजची मोठी ग्राफिक्स कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात. जुन्या पेटीत नेमका तिथे हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. आणि प्रोसेसरवरचे उंच कूलर १६० मिलिमीटरच्याही पुढे जाऊ शकतात. पेटी अरुंद असेल तर दार लागत नाही. हे सामान घ्यायचंच असेल आणि बसत नसेल, तर प्रश्न तिथेच संपला. पेटी बदला.

आता आमच्या तक्रारीकडे येऊ. संगणक तापून बंद पडत होता का, आणि तापण्याचं कारण कॅबिनेट होतं का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अचानक बंद पडणं एसएमपीएस कमकुवत झाल्यामुळेही होऊ शकतं. म्हणून आधी तापमान पाहिलं. ते दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. तेच काम अर्धा तास चालू ठेवलं, तर प्रोसेसर ९३ अंशांवर. म्हणजे ताप होता. खोली तेव्हा ३८ अंशांवर होती, हेही लक्षात घ्या. खोली दहा अंशांनी तापली की आतलं सगळंच साधारण तेवढं वर चढतं. म्हणून जानेवारीत ठीक चाललेला संगणक एप्रिलमध्ये कुरकुरतो.

पुढची पायरी अन्वय-व्यतिरेकाची. एक असताना दुसरं असतं, आणि ते नसताना दुसरंही नसतं, तर त्यांच्यात कार्यकारण संबंध असण्याची शक्यता धरावी. संगणक बंद केला, वायर काढली, कॅबिनेटचं बाजूचं दार उघडलं आणि पुन्हा तेच काम अर्धा तास चालवलं. तापमान ७८. पंधरा अंशांचा फरक! दुरुस्तीवाला मुलगा बरोबर होता की काय?

इथे घाई करू नका. दार काढल्यावर ताप उतरला यावरून एवढंच सिद्ध होतं की बंद पेटीत हवा पोचत नव्हती. ती पेटीच्या घडणीमुळे पोचत नव्हती, की आणखी कशामुळे? आपल्या जुन्या ग्रंथांत मातीचं ओझं वाहणारं गाढव येतं. मडकं होण्याआधी ते तिथे असतं, पण मडक्याचं कारण ते नव्हे. त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. आमच्या पेटीत असं गाढव आहे का, हे पाहायला हवं होतं.

समोरचं प्लॅस्टिक काढलं, तर मागच्या जाळीवर धुळीची चक्क गोधडी निघाली. मऊ ब्रशने सगळं साफ केलं. साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, गरगरा फिरू देऊ नयेत. दार लावून पुन्हा अर्धा तास. तापमान ८५. म्हणजे पंधरापैकी आठ अंश धुळीचे होते. उरलेले सात पेटीचे म्हणता येतील. त्या काळच्या पुष्कळ पेट्यांसारखी आमची पेटीही समोरून जवळजवळ बंद आहे आणि मागे ८० मिलिमीटरचा एकच पंखा.

आता सात अंशांसाठी नवं कॅबिनेट घ्यायचं का? पेटीत समोर १२० मिलिमीटरच्या पंख्याची जागा होती, ती सतरा वर्षं रिकामीच होती. तिथे काहीशे रुपयांचा पंखा बसवला, हवा आत ओढणारा. मोठा पंखा कमी वेगाने फिरूनही तेवढीच हवा देतो, म्हणून आवाजही कमी. तापमान ७९ वर आलं, आणि तेव्हापासून संगणक बंद पडलेला नाही. कॅबिनेट राहिलं. जीव अडकला होता म्हणून राहिलं नाही. कारण सापडलं आणि ते पेटी न बदलता दूर झालं, म्हणून राहिलं.

काही जण म्हणतील, दार उघडंच ठेवलं तर? आमचं उत्तर, नको. धूळ आहे, लहान मुलांची बोटं आहेत, आणि आपल्या घरांत पाल आहे. शिवाय हवेचा मार्ग नीट आखलेल्या पेटीत दार काढलं, तर काही भाग उलट जास्त तापू शकतात.

मग बदलावं केव्हा? हवं ते सामान बसत नसेल तेव्हा. साफसफाई आणि पंखा करूनही ताप उतरत नसेल, पंख्याला जागाच नसेल तेव्हा. पत्रा गंजला असेल किंवा कडा हात कापत असतील तेव्हा. फक्त समोरची यूएसबी जुनी आहे म्हणून बदलू नये. मदरबोर्डवर मागच्या बाजूला नवी भोकं असतात, तिथून एक वायर पुढे आणता येते. बरं कॅबिनेट घ्यायचं तर चांगले पैसे मोजावे लागतात. ते पैसे घालून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवला, तर ज्याच्याकडे तो नाही त्याला फरक कितीतरी जास्त जाणवेल. आणि बदललंच, तर जुनं कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडे द्यावा. २०२२ चे त्याबद्दलचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. तो दुरुस्तीवाला मुलगा पुन्हा आला होता, दुसऱ्या कामाला. आम्ही त्याला चारही आकडे दाखवले. ९३, ७८, ८५, ७९. त्याने ते मोबाईलमध्ये टिपून घेतले आणि म्हणाला, "सर, आम्हाला एका घरी वीस मिनिटं असतात. दोन तास कोण देणार?" त्याचं बरोबर आहे. कारण शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ ज्याचा संगणक आहे त्यानेच द्यायचा असतो. पुढच्या वेळी आपण अन्यथासिद्धाचे प्रकार पाहू. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.