बिटाचा रस, पण नायट्रेटविना

आईला रक्तदाबाची गोळी चालू. शेजारच्या काकूंनी बिटाचा रस सुचवला, म्हणून लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचा २०१५चा अभ्यास मी मुळातून वाचला. ६८ रुग्ण, चार आठवडे, रोज २५० मिलिलिटर रस. मला भावली ती तुलनेची बाजू: निम्म्यांच्या पेल्यातही बिटाचाच लालभडक रस, फक्त नायट्रेट काढून टाकलेला. साधं पाणी दिलं असतं, तर पहिल्याच घोटाला गुपित फुटलं असतं. नायट्रेटवाल्यांचा वरचा दाब सरासरी सुमारे ८ अंकांनी उतरला.

आणि जीभ! तिच्यावरचे जीवाणूच नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्यातूनच पुढे दाब उतरतो. जंतुनाशक माऊथवॉशने ते मरतात. असा अभ्यास आखताना गुळण्यांबद्दल विचारायलाच हवं. आईची गोळी मात्र मी थांबू दिली नाही.