जुळ्या शहरांची कार्यक्रमपत्रिका

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील मिनेसोटा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी वसलेली मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही शहरे एकमेकांना इतकी लागून आहेत की, त्यांचा उल्लेख ‘जुळी शहरे’ असाच होतो. उपनगरांसह सुमारे 37 लाख वस्तीच्या या परिसरात रॉकच्या मैफलींपासून वाद्यवृंदापर्यंत आणि प्रायोगिक नाटकापासून न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेच्या फिरत्या संगीतिकेपर्यंत नाना प्रकारचे कार्यक्रम वर्षभर जाहीर होत असतात. आगामी कार्यक्रमांची अशी यादी वाचणाऱ्याला ती कलावंतांच्या मर्जीतून आणि रसिकांच्या आवडीतून आपोआप जमून आल्यासारखी वाटते. वस्तुतः कोण, कोणत्या वारी, किती मोठ्या सभागृहात गाणार हे ठरवताना रस्त्यांची अंतरे, हवामान, करारातील कलमे आणि सभागृहाची मालकी यांचा वाटा फार मोठा असतो. या चारही गोष्टी जितक्या स्पष्टपणे जुळ्या शहरांत पाहता येतात तितक्या न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिससारख्या महानगरांत दिसत नाहीत, कारण तेथे कलावंत असेही जातातच.

प्रथम अंतरांचा विचार करावा लागतो. दौऱ्यावर निघालेला वाद्यसमूह रात्रीचा कार्यक्रम संपवून बसमध्ये झोपतो आणि सकाळी पुढच्या गावी उतरतो, म्हणून दौऱ्याची आखणी, म्हणजे या व्यवसायात ज्याला ‘रूटिंग’ म्हणतात ती, एका रात्रीत कापता येणाऱ्या अंतराच्या हिशेबाने केली जाते. शिकागोहून मिलवॉकी आणि मॅडिसन घेत मिनिआपोलिसला येणे सोपे आहे, कारण शिकागो येथून सुमारे 650 किलोमीटरवर आहे. परंतु पश्चिमेला डेन्व्हर सुमारे 1500 किलोमीटरवर आणि सिअ‍ॅटल त्याहूनही कितीतरी दूर असल्यामुळे पुढे जायचे तर एखादा दिवस निव्वळ प्रवासात जातो आणि त्या दिवसाची कमाई शून्य असते. शिकागोची बाजारपेठ मोठी असल्याने शुक्रवार-शनिवार पुष्कळदा तिकडे जातात आणि जुळ्या शहरांच्या वाट्याला मंगळवार किंवा बुधवार येतो. मात्र याच एकाकीपणाचा फायदाही आहे: नॉर्थ आणि साउथ डाकोटा, आयोवाचा उत्तर भाग आणि विस्कॉन्सिनचा पश्चिम भाग येथील रसिकांना मोठा कार्यक्रम पाहायचा तर जवळचे ठिकाण हेच असते, आणि त्यामुळे या शहरांचा खरा प्रेक्षकवर्ग त्यांच्या हद्दीपलीकडे पसरलेला आहे. अंतराशी निगडित आणखी एक गोष्ट करारात येते. कलावंताने कार्यक्रमाच्या आधी व नंतर ठरावीक काळ, ठरावीक अंतराच्या आत दुसरा जाहीर कार्यक्रम करू नये, अशी अट आयोजक घालतो. एखादा गायक उन्हाळी महोत्सवात एकदा झळकला की पुढे कित्येक महिने त्याचे नाव त्या शहराच्या यादीत का दिसत नाही, याचे उत्तर बहुधा या अटीत सापडते.

तारीख मिळवण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. कलावंताचा दौरा विकणारा प्रतिनिधी एकाच वेळी अनेक शहरांतील सभागृहांच्या तारखा तात्पुरत्या अडवून ठेवतो, आणि एकाच तारखेवर पहिला हक्क एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, तिसरा तिसऱ्याचा अशी उतरंड तयार होते. दुसऱ्या क्रमांकावरचा प्रतिनिधी पक्का करार करण्यास तयार झाला की सभागृह पहिल्याला विचारते, आणि त्याने ठरलेल्या मुदतीत होकार दिला नाही तर त्याचा हक्क जातो. बिदागीचा व्यवहार साधारणतः दुहेरी असतो: कलावंताला एक किमान रक्कम हमखास मिळते, आणि खर्च वजा जाता उरलेल्या तिकीटविक्रीतील मोठा हिस्सा, बहुधा 80 ते 90 टक्के, त्या रकमेहून अधिक भरला तर तो दिला जातो. सभागृहाला त्यामुळे तिकिटांतून फारसे काही उरत नाही. त्याची गुजराण प्रामुख्याने बारवरील विक्रीवर आणि भाड्यावर चालते. तिकिटे शुक्रवारी सकाळी दहाला खुली होण्याचा प्रघात आहे, पण त्याआधी कित्येक महिने ही सारी ओढाताण पडद्याआड होऊन गेलेली असते.

या व्यवहारात सभागृहाच्या आकाराला निर्णायक महत्त्व असते, आणि येथेच मिनिआपोलिसच्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू या संस्थेकडे वळावे लागते. ग्रेहाउंड बस कंपनीसाठी 1937 मध्ये बांधलेली, गोलाकार कोपऱ्याची इमारत बसस्थानक हलल्यावर मोकळी झाली, आणि 3 एप्रिल 1970 रोजी जो कॉकर या इंग्रज गायकाच्या कार्यक्रमाने तेथे ‘द डेपो’ नावाचा क्लब सुरू झाला. मधली काही वर्षे तेथे अंकल सॅम्स नावाचा डिस्को चालला, आणि 1981 च्या अखेरीस आजचे नाव आले. मुख्य दालनात सुमारे 1550 माणसे मावतात, तर त्याच इमारतीच्या एका कोपऱ्यात 1980 मध्ये सुरू झालेल्या सेव्हन्थ स्ट्रीट एंट्री या खोलीत जेमतेम 250. द रिप्लेसमेंट्स आणि हस्कर डू हे येथील वाद्यसमूह या छोट्या खोलीत वाजवत मोठे झाले. 3 ऑगस्ट 1983 रोजी मिनेसोटा डान्स थिएटर या नृत्यसंस्थेच्या मदतीसाठी प्रिन्स या मिनिआपोलिसच्याच गायकाने मुख्य दालनात जो कार्यक्रम केला, त्याच्या ध्वनिमुद्रणातून पुढच्या वर्षी आलेल्या ‘पर्पल रेन’ या संग्रहातील तीन गाणी घडली. त्याच नावाच्या चित्रपटाचेही बरेच चित्रीकरण येथे झाले. प्रिन्सची कीर्ती जगभर पसरली तरी त्याने या परिसराशी असलेले नाते तोडले नाही. 1987 मध्ये उघडलेला त्याचा पेस्ली पार्क हा स्टुडिओ चॅनहॅसन या उपनगरात आहे आणि 2016 मधील त्याच्या निधनानंतर तेथे संग्रहालय झाले आहे.

एवढा लौकिक असूनही 2004 च्या नोव्हेंबरमध्ये मालकीच्या वादात फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूचे दिवाळे निघाले आणि दारे बंद झाली. ती काही आठवड्यांच्या आत पुन्हा उघडली, कारण संस्थेचे जुने हिशेबनीस बायरन फ्रँक यांनी जबाबदारी घेतली आणि शहराचे तत्कालीन महापौर आर. टी. रायबॅक यांनीही त्यात लक्ष घातले. पुढे याच कंपनीने मिनिआपोलिसमधील फाइन लाइन आणि सेंट पॉलमधील टर्फ क्लब व सुमारे हजार आसनांचे फिट्झजेराल्ड थिएटर ताब्यात घेतले, आणि सेंट पॉल नगरपालिकेच्या मालकीच्या, 2017 मध्ये पुन्हा उघडलेल्या पॅलेस थिएटरचा कारभार शिकागोच्या एका आयोजक कंपनीबरोबर भागीदारीत हाती घेतला. अडीचशेपासून अडीच हजारांपर्यंतची ही सभागृहे म्हणजे एका शिडीच्या पायऱ्या आहेत. नवख्या कलावंताने 250 तिकिटे खपवली की पुढच्या फेरीत त्याला 650 ची जागा मिळते, मग 1550 ची, आणि त्यानंतर 8400 क्षमतेचे आर्मरी, 1990 पासूनचे टार्गेट सेंटर किंवा 2016 मध्ये उभे राहिलेले सुमारे 66,000 आसनांचे यू. एस. बँक स्टेडियम. 2011 मध्ये मिनिआपोलिसमध्ये राहायला आलेली गायिका लिझो येथील छोट्या रंगमंचांवरून सुरुवात करून हजारोंच्या अरीनापर्यंत पोहोचली, ती याच वाटेने. खालच्या पायऱ्या नफ्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतात, आणि म्हणूनच त्या कोणाच्या हाती आहेत हा प्रश्न वरच्या पायऱ्यांपेक्षा महत्त्वाचा ठरतो. अनेक शहरांनी मोठी अरीना बांधताना नेमके हेच दुर्लक्षिले आहे.

शिडीच्या बाजूला उभ्या असलेल्या काही जागाही यादीला आपला रंग देतात. सेडर कल्चरल सेंटर हे 1989 पासूनचे ना-नफा केंद्र लोकसंगीत आणि देशोदेशीचे संगीत यांना वाहिलेले आहे, आणि ते ज्या वस्तीत आहे तेथे सोमाली स्थलांतरितांची संख्या मोठी असल्यामुळे सोमाली गायकांचे कार्यक्रम त्याच्या पत्रिकेत सातत्याने येतात. जॅझसाठी डकोटा हा क्लब आहे, जो 1985 मध्ये सेंट पॉलला सुरू होऊन 2003 मध्ये मिनिआपोलिसला आला.

हवामानाचा परिणाम यादीवर उघडपणे दिसतो. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे येथे नवलाचे नाही, आणि हिमवादळात अडकलेल्या ट्रकमुळे कार्यक्रम रद्द होण्याची धास्ती असल्याने दौऱ्यांचे आयोजक हे महिने शक्यतो टाळतात. मिनिआपोलिसच्या मध्यवस्तीतील इमारती जोडणारे, पहिल्या मजल्यावरून जाणारे बंदिस्त काचेचे पूल सुमारे 15 किलोमीटर पसरले आहेत आणि त्यांचा प्रेक्षकांना उपयोग होतो, तरी हिवाळा हा मुख्यतः स्थानिक संस्थांचा, म्हणजे नाटकांचा आणि वाद्यवृंदाचा, हंगाम ठरतो. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मात्र सगळे उघड्यावर येते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे कामगार दिनी, संपणारी बारा दिवसांची राज्य जत्रा गुरेढोरे, शेतमाल आणि काडीला टोचलेल्या खाद्यपदार्थांसाठी प्रसिद्ध आहे; 2019 मध्ये तिला 21 लाखांहून अधिक लोक आले, आणि तिच्या ग्रँडस्टँडवर रोज रात्री होणाऱ्या कार्यक्रमांत कंट्री गायकांपासून जुन्या रॉक समूहांपर्यंत सारे येऊन जातात. ऑगस्टमध्ये मिनेसोटा फ्रिंज हा नाट्यमहोत्सव होतो, ज्यात नाटकांची निवड परीक्षक करत नाहीत, ती सोडतीने होते; दर्जाची कसलीही हमी नसलेला हा महोत्सव तीस वर्षांहून अधिक काळ टिकला आहे.

नाटकाच्या बाबतीत या शहरांचा इतिहास अधिक योजनाबद्ध आहे. ब्रॉडवेच्या धंदेवाईकपणाला कंटाळलेले ब्रिटिश दिग्दर्शक टायरोन गथ्री आणि त्यांचे दोन सहकारी यांना न्यूयॉर्कबाहेर कायमची नटमंडळी असलेले नाट्यगृह उभारायचे होते, आणि त्याविषयीचे निवेदन 1959 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आल्यावर सात शहरांनी रस दाखवला. त्यांतून मिनिआपोलिसची निवड झाली आणि 7 मे 1963 रोजी ‘हॅम्लेट’च्या प्रयोगाने गथ्री थिएटर उघडले; 2006 पासून ते फ्रेंच वास्तुरचनाकार झाँ नुव्हेल यांनी आखलेल्या नदीकाठच्या इमारतीत आहे. सेंट पॉलमध्ये 1976 मध्ये स्थापन झालेल्या पेनम्ब्रा या कृष्णवर्णीयांच्या नाट्यसंस्थेने पुढे मोठे नाव मिळवलेल्या ऑगस्ट विल्सन या नाटककाराला आरंभीच्या काळात रंगमंच दिला. फिरत्या संगीतिकांसाठी हेनेपिन अ‍ॅव्हेन्यूवरचे ऑर्फियम हे 1921 चे नाट्यगृह आहे, आणि ‘द लायन किंग’ या संगीतिकेचे अगदी पहिले प्रयोग, ब्रॉडवेवर जाण्यापूर्वी, 1997 च्या जुलैमध्ये येथेच झाले, ही गोष्ट स्थानिक लोक अभिमानाने सांगतात. वाद्यवृंदाची कथा तितकी सुखाची नाही. 1903 पासून चालत आलेल्या मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने वेतनकपातीच्या वादात ऑक्टोबर 2012 मध्ये वादकांना टाळेबंदी लागू केली, ती जानेवारी 2014 पर्यंत उठली नाही; मधल्या काळात संगीतसंचालक ऑस्मो व्हॅन्स्का यांनी राजीनामा दिला, वादकांनी स्वतःच्या बळावर मैफली केल्या, आणि तडजोड झाल्यावर व्हॅन्स्का परत आले.

या याद्यांत भारतीय कार्यक्रम मात्र विरळाच दिसतात. भरतनाट्यम सादर करणारी रागमाला ही 1992 पासूनची मिनिआपोलिसची संस्था मोठ्या रंगमंचांवर नियमित पोहोचली आहे, पण मराठी नाटक किंवा गाण्याचा कार्यक्रम यांचा प्रवास निराळ्या मार्गाने होतो. 1981 मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखालील गावोगावच्या मंडळांशी आधी बोलणी होतात, दौरा शनिवार-रविवारच्या हिशेबाने आखला जातो आणि प्रयोग बहुधा शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात स्वयंसेवकांच्या बळावर पार पडतो. मंगळवारची रिकामी तारीख स्वस्तात मिळाली तरी नोकरदार प्रेक्षक कुटुंबासह येणार नाही, हे मंडळे पक्के जाणून असतात.

पैशाची बाजू या साऱ्याच्या मुळाशी आहे. मिनेसोटाच्या मतदारांनी 2008 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर करून विक्रीकर 0.375 टक्क्यांनी वाढवून घेतला, आणि 2009 पासून पंचवीस वर्षांसाठी असलेल्या या वाढीतील 19.75 टक्के वाटा कला व सांस्कृतिक वारशासाठी राखून ठेवला. स्वतःहून कर वाढवून घेणारे मतदार कोठेही दुर्मीळच. 2020 च्या महासाथीत सभागृहे बंद पडली तेव्हा बायरन फ्रँक यांच्या कन्या डेना फ्रँक यांच्या नेतृत्वाखाली देशभरच्या स्वतंत्र सभागृहांची संघटना उभी राहिली, मिनेसोटाच्या सिनेटर एमी क्लोबुचार यांनी टेक्सासच्या सिनेटरसह विधेयक मांडले, आणि त्यातून बंद पडलेल्या सभागृहांसाठी सुमारे 16 अब्ज डॉलरचे अनुदान निघाले.

तिकिटांच्या किमतीचा प्रश्न अजून धुमसत आहे. आयोजन करणारी लाइव्ह नेशन आणि तिकिटे विकणारी टिकेटमास्टर या कंपन्या 2010 मध्ये एक झाल्या, आणि या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकेच्या न्याय विभागाने मे 2024 मध्ये दावा दाखल केला. त्याच महिन्यात मिनेसोटाने स्वतःचा कायदा केला, ज्याच्या विधेयकाला गायिका टेलर स्विफ्टच्या एका संग्रहाची आठवण म्हणून मुद्दाम 1989 हा क्रमांक देण्यात आला होता. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार विक्रेत्याला सर्व शुल्कांसह एकूण किंमत आरंभीच दाखवावी लागते आणि हाती नसलेले तिकीट विकता येत नाही. पुनर्विक्रीच्या किमतीवर कमाल मर्यादा मात्र त्यात नाही, त्यामुळे फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूमधल्या एखाद्या कार्यक्रमाचे तिकीट दलालाकडून मूळ किमतीच्या कित्येक पटींनी घेण्याची पाळी रसिकावर आजही येऊ शकते. फरक इतकाच की ती रक्कम त्याला आता पहिल्याच नजरेत कळते.